एकवीस औंसांचा हिशेब

नेमबाजी म्हटलं की मराठी माणसाला कोल्हापूर आठवतं, राही सरनोबत आठवते, पंचवीस मीटरवरचं गोल लक्ष्य आठवतं. त्या स्पर्धेतलं पॉइंट टू टूचं पिस्तूल किलोभर वजनाचं असतं आणि त्यातून सुटणारी गोळी असते २.६ ग्रॅमची. चाप ओढायला किमान एक किलोचा जोर लागावा, एवढीच नियमाची अट. मूठ खेळाडूच्या तळव्याच्या मापानं कोरून घेतलेली. म्हणजे हत्यार जड, गोळी हलकी, चाप मऊ. सगळं नेमाच्या बाजूनं.

आता हे सगळं उलटं करा. वजन सहाशे ग्रॅमच्या आत, गोळी जवळजवळ सोळा ग्रॅमची, चाप पाच किलोच्या आसपास, आणि मूठ अशी की करंगळी कुठं ठेवावी याचा विचार करावा. अमेरिकेत १९७३ पासून बनत आलेलं चार्टर आर्म्सचं ‘बुलडॉग’ हे रिव्हॉल्व्हर नेमकं असं आहे. पॉइंट फोर्टी फोर स्पेशलची पाच काडतुसं, तीन इंचांची नळी (हल्ली अडीच इंचांचीही मिळते) आणि साधारण एकवीस औंस वजन. अर्धा किलो साखरेच्या पुडीहून किंचित जास्त. या लेखात मला या एकवीस औंसांचाच हिशेब मांडायचा आहे. कारण हत्यारातून जे वजन काढून घेतलं, ते कुठंच नाहीसं होत नाही. ते हाताला, मनगटाला, खिशाला आणि सरावाच्या वेळेला चुकतं करावं लागतं.

नाव जुनं आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीनं १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुलडॉग’ काढलं. अडीच इंची आखूड नळी, काडतुसं बसवायची पाच घरं, आणि काडतूस ४४२ किंवा ४५० बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या तोंडाचं माप). ओव्हरकोटाच्या खिशात मावणारं, पण तोंड मोठं. बेल्जियममधल्या लिएजच्या कारागिरांनी आणि अमेरिकन कारखान्यांनी त्याच्या एवढ्या नकला केल्या की ‘बुलडॉग’ हे एका मॉडेलचं नाव न राहता एका जातीचं नाव झालं. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच जातीच्या हत्यारातून. मोठी गोळी, छोटं हत्यार ही कल्पना कुणाच्याही हाती जाऊ शकते, हे त्या दिवसानं जगाला दाखवलं. या विषयावर लिहिताना ती तारीख वगळून पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही.

चार्टर आर्म्स ही कंपनी डग्लस मॅक्‌क्लेनाहन या तरुण आरेखकानं १९६४ मध्ये कनेक्टिकटमध्ये सुरू केली. त्याचं पहिलं रिव्हॉल्व्हर होतं पाच गोळ्यांचं पॉइंट थर्टी एट, ‘अंडरकव्हर’, वजन फक्त सोळा औंस. त्याची चौकट वेगळी होती. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरला बाजूनं एक झाकण असतं. ते काढलं की आतली यंत्रणा उघडी पडते. मॅक्‌क्लेनाहननं ते झाकणच ठेवलं नाही. चौकट अखंड, आणि सगळे भाग खालच्या बाजूनं बसवायचे. चापाचं कडं आणि मुठीचा सांगाडा हा वेगळा, हलक्या धातूचा तुकडा. झाकणासाठी कापावी लागणारी भिंत शाबूत राहिली, म्हणून कमी पोलादात तेवढीच मजबुती आली. नऊ वर्षांनी हीच चौकट थोडी मोठी करून त्यात पॉइंट फोर्टी फोर बसवलं गेलं.

घोड्याची रचनाही बघण्यासारखी आहे. घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर मागं जाऊन पुढं पडणारा हातोडा, काडतुसाला ठोकणाऱ्या पिनेवर थेट आपटत नाही. मधे एक पातळ पोलादी पट्टी असते, ती चाप पूर्ण मागं ओढलेला असतानाच वर येते आणि घोड्याचा घाव पिनेपर्यंत पोचवते. चाप सुटा असेल तर पट्टी खाली, घोडा चौकटीला टेकलेला आणि पिनेला काहीच लागत नाही. हत्यार हातातून फरशीवर पडलं तर गोळी सुटू नये, याची ही सोय. जुन्या, अशी पट्टी नसलेल्या रिव्हॉल्व्हरांत घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची पद्धत होती. पाचच घरांच्या हत्यारात ती पद्धत म्हणजे पाचवा हिस्सा गमावणं.

पाच घरं का, सहा का नाहीत? जाडी वाचते हे एक कारण. पण दुसरं कारण मला जास्त आवडतं. ही घरं ज्यात असतात तो फिरता सिलिंडर जागच्या जागी अडकून राहावा म्हणून त्याच्या बाहेरच्या अंगावर खाचा कोरलेल्या असतात आणि चौकटीच्या तळातून वर येणारा खटका त्यांत बसतो. सहा घरं असली की एक घर बरोबर वर, नळीसमोर असताना दुसरं बरोबर खाली येतं. म्हणजे खाच घराच्या सर्वांत पातळ भिंतीवर किंवा तिच्या अगदी जवळ पडते. पाच घरं असली की वर एक घर आणि खाली दोन घरांमधली जाड भिंत. खाच तिथं पडते. विषम आकड्यानं पोलाद वाचवलं.

आणि तरीही हे सगळं साधलं ते काडतुसामुळं. पॉइंट फोर्टी फोर स्पेशल हे स्मिथ अँड वेसनचं १९०७ सालचं काडतूस. मूळ गोळी २४६ ग्रेनची (जवळजवळ सोळा ग्रॅमची), शिशाची, गोल नाकाची. लांब नळीतून वेग सेकंदाला साधारण ७५५ फूट. नाव फोर्टी फोर असलं तरी गोळीचा व्यास ०.४२९ इंच, म्हणजे १०.९ मिलिमीटर. हे नाव जुन्या काळातून आलंय, जेव्हा गोळी पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, बाहेरच्या मापाएवढी असायची; पुढं रशियाच्या मागणीवरून बनलेल्या पॉइंट फोर्टी फोर रशियन काडतुसात गोळी पुंगळीच्या आत बसायला लागली, व्यास घटला, नाव मात्र राहिलं.

कळीचा मुद्दा दाबाचा. फोर्टी फोर स्पेशलची दाबाची मर्यादा १५,५०० पौंड प्रति चौरस इंच आहे. १९५५ मध्ये आलेल्या फोर्टी फोर मॅग्नमची ३६,०००. तोंडाचा व्यास तोच, दाब अडीचपटीच्या जवळ. पातळ भिंतीच्या पाच घरांना मॅग्नमचा दाब सोसणार नाही, आणि तो द्यायची चूकही सहज होत नाही. मॅग्नमची पुंगळी एक अष्टमांश इंच लांब असल्यामुळं ती स्पेशलच्या घरात पूर्ण शिरत नाही. उलट, जुनं रशियन काडतूस आखूड असल्यानं शिरतं. धोका तिसऱ्याच ठिकाणी आहे. एल्मर कीथ या पशुपालकानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फोर्टी फोर स्पेशलच्या पुंगळ्यांत मर्यादेबाहेरची दारू भरून वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्यातूनच पुढं मॅग्नम जन्मलं. पण त्याची रिव्हॉल्व्हरं मोठ्या चौकटीची होती. ते जुने आकडे आजही फिरत असतात, आणि पुंगळीवर ‘स्पेशल’च लिहिलेलं असल्यामुळं ती काडतुसं बुलडॉगमध्ये अगदी सहज बसतात. बसतात म्हणून चालतात असं नाही. घरी काडतुसं भरणाऱ्याकडून मिळालेली, डब्यावर कारखान्याचं नाव नसलेली काडतुसं या हत्यारात घालू नयेत. कुणीही दिली तरी.

स्वतः भरत असाल तर या पुंगळीची एक खोड लक्षात ठेवा. ती आजच्या जलद जळणाऱ्या दारूच्या मानानं फार मोठी आहे. योग्य माप घातलं तरी पुंगळी तळाशीच भरते. म्हणून चुकून दुप्पट माप पडलं तरी ते बाहेर ओघळत नाही, वरून गोळी सुखानं बसते, आणि हत्याराचे तुकडे होतात. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: गोळी बसवण्यापूर्वी सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून प्रत्येकीत बॅटरीचा उजेड टाकून दारूची पातळी बघायची. एकही वेगळी दिसली तर ती ओतून पुन्हा मोजायची. मोठ्या पुंगळीतल्या थोड्या दारूचा आणखी एक परिणाम म्हणजे नळी खाली झुकवून मग वर आणली तर दारू पुढं सरकलेली असते, ती जरा आळसावून पेटते आणि वेग घटतो. लक्ष्यावर गोळ्या वरखाली पसरत असतील तर दोष नेहमी हाताचाच असतो असं नाही.

आता धक्का. आकड्यांनी तो जास्त नीट समजतो. तीन इंची नळीतून २४६ ग्रेनची गोळी साडेसहाशे ते सातशे फूट वेगानं निघते. तेवढाच आवेग हत्याराला मागं मिळतो. आवेग ठरलेला असला की उलटी ऊर्जा हत्याराच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात जाते. ३६ औंसांच्या रिव्हॉल्व्हरमधून हेच काडतूस झाडलं तर हाताला साधारण सात ज्यूल. २१ औंसांच्या बुलडॉगमधून साडेअकरा-बारा. गोळी तीच, तिचा वेग तोच. हातावरचा मार मात्र दीडपटीहून जास्त. स्मिथ अँड वेसनचं ६९६ किंवा रुगरचं फोर्टी फोर स्पेशलमधलं जीपी-१०० ही त्या वजनदार जातीची. दिवसभर झाडायला ती सुखाची, पण दिवसभर कमरेला लावायला नाहीत. इथंच या सगळ्या प्रकाराचा पेच आहे, आणि तो कोणत्याही रबरी मुठीनं पूर्ण सुटत नाही.

मूठ मात्र बरंच काही करते. जुन्या बुलडॉगला अक्रोडाच्या लाकडाच्या बारक्या पट्ट्यांची मूठ यायची. दिसायला देखणी. पण चापाच्या कड्यामागं तिच्यात मोकळी जागा राहते. धक्क्यासरशी हत्यार मागं येतं आणि कडं मधल्या बोटाच्या पेरावर आदळतं. वीस गोळ्यांत पेर सुजतं. ती पोकळी भरून काढणारी रबरी मूठ लावली की हा त्रास निम्म्याहून कमी होतो. करंगळीसाठी जागा हवी की लपवायला सोपी मूठ हवी, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझं मत स्पष्ट आहे, तिन्ही बोटं मावणारी मूठ घ्यावी. दोन बोटांवर पकडलेलं फोर्टी फोर दुसऱ्या गोळीला हातात फिरलेलं असतं.

पकड अशी: तळहात मुठीवर जेवढा वर जाईल तेवढा वर, अंगठ्याच्या बेचक्यात मुठीची पाठ घट्ट. हात खाली राहिला तर नळीची रेषा मनगटाच्या फार वर पडते आणि उसळी वाढते. उजवा अंगठा खाली वाकवून मधल्या बोटावर दाबून धरायचा. पिस्तुलासारखा अंगठा सरळ पुढं ठेवला तर सिलिंडर उघडायची कळ धक्क्यात अंगठ्याची साल काढते. डावा हात उजव्याच्या बोटांवर गुंडाळायचा, आणि त्याचं एकही बोट सिलिंडरच्या पुढच्या काठापर्यंत जाऊ द्यायचं नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यात मुद्दाम ठेवलेली फट असते. दर वेळी तिच्यातून तापलेला वायू आणि शिशाचे कण सुरीसारखे बाजूला निघतात. पिस्तुलावर शिकलेल्या माणसाचा डावा अंगठा सवयीनं नेमका तिथंच जातो. रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा हाती देताना सर्वांत आधी हे सांगायला हवं, नेमाबद्दलचं नंतर.

चाप पाच किलोच्या आसपास, हत्यार सहाशे ग्रॅमचं. ज्या वस्तूला हलवायचं नाही तिच्या वजनाच्या आठपट जोर तिच्यावर लावायचा, असा हा प्रकार. म्हणून चाप तुकड्यातुकड्यांनी ओढू नये. एका सलग, एकाच गतीच्या ओढीत घोडा मागं जातो, सिलिंडर ७२ अंशांत फिरतो, अडकतो, घोडा पडतो. बोटाचं टोक नव्हे, पहिलं पेर चापावर. घोडा अंगठ्यानं मागं ओढून मऊ चापानं नेम धरता येतो, पण ज्या कामासाठी हे हत्यार आहे त्या कामाला तो वेळ नसतो, म्हणून नव्वद टक्के सराव लांब ओढीनंच करावा.

आणि हा सराव बहुतेक घरीच होतो, गोळीविना. सिलिंडर उघडायचा, पाचही घरं डोळ्यांनी बघायची, बोटानं चाचपायची, काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवायचा, नकली काडतुसं घरांत घालायची, समोरची भिंत अशी निवडायची की चूक झालीच तर गोळी तिथंच थांबेल. मग रोज पंधरा-वीस वेळा चाप. पुढची माशी, म्हणजे नळीवरची नेम धरायची पट्टी, घोडा पडताना हलली की नाही, एवढंच बघायचं. सराव संपला की संपला. ‘अजून एकदा’ म्हणून परत हातात घ्यायचं नाही, कारण अपघात त्या ‘अजून एकदा’लाच होतात, जेव्हा हत्यार भरून ठेवलेलं असतं आणि मन अजून सरावातच असतं.

मैदानावर एका वेळी पंचवीस-तीस गोळ्या पुष्कळ झाल्या. त्यापुढं हात शिकत नाही, फक्त दचकायला शिकतो. दचक ओळखायची जुनी युक्ती उत्तम आहे: दुसऱ्या कुणाला पाच घरांत तीन खरी आणि दोन नकली काडतुसं भरायला सांगा, कुठं काय ते न बघता. नकली काडतुसावर घोडा पडताना नळी खाली बुडी मारते का ते बघा. बहुतेकांची मारते. अंतर सात यार्डांपासून, नंतर दहा. पंचवीस यार्डांवर या हत्यारानं चांगला गट बसवता येतो, तेवढी त्याची नळी खरी असते. पण ते हाताचं कौतुक आहे, गरज नव्हे. कानाला आतले बोळे आणि वरून कर्णकवच, दोन्ही. आखूड नळीच्या मोठ्या बोअरचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो आणि कानाला एका घावात इजा व्हायला १४० पुरतात.

गोळी निवडताना बहुतेकजण ताकद बघतात. मी आधी बघायला सांगेन ते तिचं वजन आणि माशीशी जुळणं. बुलडॉगच्या माशा सरकत नाहीत. पुढं पट्टी, मागं चौकटीत कोरलेली खाच. जड गोळी संथ असते, नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात धक्क्यानं नळी वर उचललेली असते, म्हणून ती वर लागते. हलकी, वेगवान गोळी खाली लागते. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. त्यामुळं आपलं काडतूस आधी ठरवायचं, मग ते कुठं लागतं ते बघायचं. समजा दहा मीटरवर गोळ्या सातत्यानं पाच सेंटिमीटर खाली पडतायत आणि दोन्ही माशांमधलं अंतर ११५ मिलिमीटर आहे. पाच सेंटिमीटरला ११५ नं गुणून दहा मीटरनं भागा: ०.५७ मिलिमीटर. एवढी पुढची माशी घासून कमी केली की गोळी नेमावर येते. कानस चार वेळा फिरवा, पाच गोळ्या झाडा, पुन्हा चार वेळा. घासलेलं पोलाद परत येत नाही. गोळ्या वर लागत असतील तर कानस उचलूच नका. हलकी गोळी घेऊन बघा.

दोनशे ग्रेनच्या आसपासची, सेकंदाला ८०० ते ९०० फुटांची म्हणून विकली जाणारी कारखान्याची काडतुसं या हत्याराला सर्वांत शोभतात, असं माझं ठाम मत आहे. सरावाला काऊबॉय नेमबाजीसाठी बनवलेली मऊ, शिशाच्या गोळीची काडतुसं. त्यांनी मनगट आणि हत्यार दोन्ही टिकतं. जड गोळी या हलक्या हत्यारात आणखी एक खेळ करते, आणि तो जिवावर बेतू शकतो. हत्यार झटक्यानं मागं जातं तेव्हा न झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्याही त्याच्याबरोबर मागं ओढल्या जातात. आतली जड गोळी मात्र जडत्वानं तिथंच राहू बघते. पुंगळीचा काठ गोळीवर नीट दाबलेला नसेल तर ती कणाकणानं बाहेर येते. तीन-चार धक्क्यांनंतर तिचं नाक सिलिंडरच्या पुढं डोकावतं, चौकटीत अडकतं आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. मोडलं काहीच नसतं, पण हत्यार बंद. म्हणून कुठल्याही नव्या काडतुसाची परीक्षा अशी करा: पाच काडतुसं घ्या, एकावर खूण करून कॅलिपरनं त्या काडतुसाची पूर्ण लांबी मोजा, ते शेवटचं यावं असं भरा, चार झाडा, पाचवं बाहेर काढून परत मोजा. लांबी वाढली असेल तर ते काडतूस या हत्यारासाठी नाही, ते कितीही नावाजलेलं असो.

आवाज कमी आला, ‘फुस्स’ झालं, तर त्याच क्षणी थांबायचं. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी आली तर नळी फुगते किंवा फाटते. सिलिंडर रिकामा करून, नळीत सळई घालून बघायचं. घोडा पडूनही काही झालं नाही तर तोंड लक्ष्याकडंच ठेवून तीस सेकंद मोजायचे.

पुंगळ्या काढण्याचंही तंत्र आहे. फोर्टी फोर स्पेशलची पुंगळी साडेएकोणतीस मिलिमीटरची, आणि आखूड नळीखालच्या ढकलकांडीची (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या कांडीची) धाव तिच्यापेक्षा कमी. म्हणजे कांडी पूर्ण दाबली तरी पुंगळ्या घरांतून अर्धवटच येतात. हळू दाबलं तर एखादी मागं घसरून ताऱ्याखाली, म्हणजे कांडीबरोबर वर येऊन पुंगळ्यांचे काठ उचलणाऱ्या चांदणीखाली, अडकते आणि मग ती नखानं काढत बसावं लागतं. नळी आभाळाकडं, कांडीवर तळव्याचा एकच जोरदार फटका. पुंगळ्या स्वतःच्या वजनानं पडतात, आणि दारूचे न जळलेले कणही त्यांच्याबरोबर खाली जातात. नळी आडवी धरली तर हेच कण ताऱ्याखाली साचतात. तिथं बाजरीच्या दाण्याएवढा कचरा असला तरी सिलिंडर घासून फिरतो, चाप अचानक जड होतो आणि माणूस समजतो की स्प्रिंग बिघडली. खिशात एक जुना टूथब्रश ठेवा. ताऱ्याखाली तेल मात्र नको, तेलानं कचरा चिकटतो.

सेकंडहँड घेत असाल तर, हत्यार रिकामं असल्याची खात्री करून, घोडा अंगठ्यानं अगदी हळू मागं ओढा आणि प्रत्येक घराला बघा की घोडा अडकायच्या आधी सिलिंडर अडकतो का. एखाद्या घराला तो मागं राहत असेल तर गोळी नळीच्या तोंडावर तिरकी जाते, शिसं तासलं जातं आणि शेजारी उभ्या माणसाच्या गालावर उडतं. मग सिलिंडर पुढंमागं हलवून बघा. कळेल एवढी हालचाल नको. नळी आणि सिलिंडरमधली फट पातळ मापपट्टीनं मोजा: ०.१ ते ०.२ मिलिमीटर ठीक. त्याहून कमी असेल तर पन्नास गोळ्यांच्या काजळीनं सिलिंडर अडखळतो, बरीच जास्त असेल तर वेग जातो आणि फटीतून उडणारी वायू-शिशाची थुंकी वाढते. जुन्या बुलडॉगमध्ये ढकलकांडी आटे सुटून पुढं येते आणि सिलिंडर उघडेनासा होतो. सिलिंडर ज्या बिजागरीवर फिरतो तिचा स्क्रूही सैल होतो. दोन्हीकडं स्क्रू धरून ठेवणाऱ्या निळ्या, मऊ द्रावाचा एक थेंब पुरतो. लाल घेतलात तर पुढचा दुरुस्तीवाला तुमचा उद्धार करेल.

सफाईत नळीची घाई सगळे करतात, पण शिसं खरं बसतं ते नळीच्या मागच्या, निमुळत्या तोंडाशी आणि घरांच्या पुढच्या काठाशी. पितळी ब्रश समोरून घालावा लागतो, तेव्हा नळीच्या पुढच्या कडेला सळई घासू देऊ नका. तिथला एक ओरखडा गोळी वाकडी फेकतो. हात गार पाण्यानं आणि साबणानं धुवायचे, जेवणाआधी आणि लेकराला उचलण्याआधी. शिशाची पूड दिसत नाही, पण पोटात जाते.

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता अशी हत्यारं दिसतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. तिथल्या संघीय कायद्यानुसार ग्रीनकार्डधारक शस्त्र बाळगू शकतो, पण एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला ते सरसकट बंद आहे. काही अपवाद आहेत, राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या मावसभावाला हौसेनं मैदानावर नेऊन हत्यार हाती देण्याआधी हा नियम वाचा. राज्याचे नियम त्याशिवाय वेगळे. आणि मैदानावर नेलेली बॅग पुन्हा प्रवासाला वापरू नका, कधीच. शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर ते शस्त्र कायद्याखालचं प्रकरण होतं, आणि ‘मला माहीतच नव्हतं’ हे पोलीस ठाण्यात आणि नंतर कोर्टात सांगत बसावं लागतं. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडं दोनच शस्त्रं राहू शकतात, आणि परवान्यावर सर्रास दिसतं ते कानपूरच्या कारखान्याचं पॉइंट थर्टी टू. बुलडॉगचा आणि त्याचा बोअर वेगळा असला तरी चापाची ओढ, फटीतला वायू, ताऱ्याखालचा कचरा आणि घरी रिकाम्या हत्याराचा सराव यांतलं सगळं जसंच्या तसं लागू पडतं.

हे पहिलं हत्यार म्हणून घेऊ नये, हे मी कुणालाही सांगेन. आधी जड, लांब नळीच्या थर्टी एटवर चाप शिकावा, माशी स्थिर ठेवायला शिकावं. मग बुलडॉग हाती आला की तो त्रास देत नाही, फक्त चूक दाखवतो.

कमरेला लावत असाल तर आणखी एक काम. उन्हाळ्यात घाम चामड्यातून झिरपतो आणि स्टेनलेस पोलादालाही गंज धरतो, आधी मुठीखाली, जिथं कुणी बघत नाही. महिन्यातून एकदा मूठ उघडा, पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. खिशातला कापसाचा भुगा घोड्याच्या फटीतून ब्रशनं काढा. त्याच दिवशी पाचही काडतुसं बाहेर काढून बघा: पितळेवर हिरवं आलंय का, तळाची ठिणगी देणारी टोपी आत दबलेली किंवा बाहेर आलेली आहे का, गोळी पुंगळीत हलते का. रोज काढून-घालून ही काडतुसं झिजतात. सहा महिन्यांनी ती पाच पुढच्या फेरीत पहिल्यांदा झाडायची, हात अजून ताजा असताना, आणि घरांत नवी पाच भरायची.